शुल्कगंध

मुकुंद हेर्लेकर सिगारेट ओढतात हे अख्ख्या मिरजेत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तोच त्यांना ती विकत असे.

हेर्लेकर करखात्यात निरीक्षक होते. वय एक्कावन्न, स्वभाव भिडस्त. परदेशातून चोरून आणलेल्या, कर न भरलेल्या सिगारेटी पकडणं हे त्यांचं काम. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे वडील फुप्फुसाच्या आजाराने गेले, तेव्हा बाराव्याच्या दिवशी त्यांनी पत्नीला शब्द दिला होता की आजपासून एकही नाही. तो शब्द त्यांनी चार महिने पाळला. मग रोज एक सुरू झाली. एकच, सकाळी अकरा वाजता, कचेरीमागच्या गल्लीत दस्तगीर मुजावरच्या टपरीच्या आडोशाला. ओढून झाली की बडीशेप, मग लिंबाची फोड बोटांवर चोळायची, मग पाच मिनिटं वाऱ्यात उभं राहायचं. पत्नी शैलजाबाई कन्याशाळेत विज्ञान शिकवत. चाळीस मुलींच्या वर्गात कुणी काय लपवलंय हे त्यांना फळ्याकडे तोंड असताना कळायचं, म्हणून ही एवढी काळजी.

एक तत्त्व मात्र हेर्लेकरांनी सोडलं नव्हतं. ओढायची ती कर भरलेली. पाकिटाच्या किमतीतला निम्म्याहून जास्त भाग सरकारजमा होतो आणि चोरटं पाकीट स्वस्त मिळतं ते केवळ तेवढ्यासाठी, हे ते दर महिन्याला कुणाला ना कुणाला समजावून सांगत. आपण रोज एका सिगारेटीपुरते का होईना देशाच्या उपयोगी पडतो, असं त्यांना अकरा वाजून पाच मिनिटांनी वाटत असे.

२०३५ च्या जानेवारीत शुल्कगंध आला.

हे नाव अर्थखात्यातल्या कुणीतरी दिलं होतं. शोध मात्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. अबोली तांबट यांचा. हायड्रोजनला एक जड भाऊ असतो. गुण जवळपास तेच, वजन दुप्पट. तांबटबाईंनी एक छोटा, बिनविषारी रेणू घेतला आणि त्यात ठरावीक सहा जागी साध्या हायड्रोजनऐवजी हा जड हायड्रोजन बसवला. असा रेणू निसर्गात कुठेच तयार होत नाही आणि माणसाच्या नाकाला त्याचा वासही येत नाही. कर भरणाऱ्या कारखान्यांनी तो सिगारेटच्या कागदावर फवारायचा. सिगारेट जळली तरी तो मोडत नाही. धुराबरोबर उडतो आणि कापडात, केसांत, श्वासात जाऊन बसतो. साबणाने निघत नाही. अकरा दिवस टिकतो.

तो ओळखणारी चकती नखाएवढी होती. तिच्यात लेप दिलेली एक सूक्ष्म तार सतत थरथरत असते. लेपाला त्या जातीचे रेणू चिकटतात, वजनाने तारेची थरथर मंदावते, आणि ती नेमकी किती मंदावली यावरून चकतीला कळतं की हा आपलाच पाहुणा. चूक होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. साधा तंबाखूचा धूर ओळखायला मात्र चकती पुरत नसे. अगरबत्ती, चूल, हिंगाची फोडणी, सगळ्यांनी तिचा गोंधळ उडे. त्यासाठी निरीक्षकांना डब्याएवढं मोठं यंत्र दिलं होतं. संशयित सिगारेट पेटवून त्याच्या नळीत धरायची. धुरात तंबाखू आहे पण शुल्कगंध नाही, तर लाल दिवा. शुल्कगंध असेल तर हिरवा दिवा आणि एका प्रसन्न बाईचा आवाज: ‘राष्ट्रउभारणीतील आपल्या सहभागाबद्दल शासन आपले आभारी आहे.’

ही कृतज्ञता अर्थखात्याची. करदात्याचा जागच्या जागी सन्मान व्हावा असं तिथे ठरलं होतं. आवाज चकतीतच कोरलेला होता आणि तो बंद करायची सोय मुद्दाम ठेवली नव्हती, कारण बंद करता येणारे आभार मनापासूनचे वाटत नाहीत असं समितीचं मत पडलं.

सांगलीच्या एका सभागृहात जिल्ह्यातले दीडशे टपरीवाले बोलावून हेर्लेकरांनी यंत्राचं प्रात्यक्षिक केलं. टेबलावर एक कर भरलेली आणि एक चोरटी सिगारेट ठेवली होती. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि माहिती सांगायला वाकले. काडी अजून ओढलीही नव्हती, तोच हिरवा दिवा लागला आणि बाईने राष्ट्रउभारणीतील सहभागाबद्दल त्यांचे आभार मानले. सभागृहात हसू पसरलं. हेर्लेकरांनी घाम पुसला आणि सांगितलं की सकाळपासून नमुने हाताळतोय, त्याचा हा परिणाम. तिसऱ्या रांगेत दस्तगीर मुजावर बसला होता. तो तेवढा हसला नाही. तो छताकडे बघत होता.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. कुठल्याही ग्राहकाला खातरजमा करता यावी म्हणून सरकारने चकतीचा आराखडा खुला करून टाकला होता. एप्रिलपर्यंत दीडशे रुपयांत चकत्या मिळू लागल्या. मग त्या मोबाइलमध्ये आल्या, दाराच्या घंटेत आल्या, लिफ्टमध्ये आल्या. चोरटी सिगारेट पकडायला त्या निरुपयोगी होत्या. पण कर भरलेली ओढणारा माणूस त्या अकराव्या दिवशीही अचूक पकडत, आणि वर त्याचे आभार मानत.

घरोघरी आभार सुरू झाले. क्लासला जातो म्हणून सांगणाऱ्या मुलांचे झाले, योगवर्ग घेणाऱ्या गुरुजींचे झाले. इस्लामपुरात एका स्थळाच्या बैठकीत मुलगा उंबरा ओलांडून आत आला आणि मुलीच्या मामाच्या खिशातून आभार मानले गेले. मुलाकडच्यांनी शांतपणे स्वतःचा मोबाइल मामाजवळ नेला. त्याने मामाचेही मानले. ते लग्न झालं, पण दोन्हीकडची माणसं जेवणाच्या पंगतीत एकमेकांपासून लांब बसली. विमा कंपन्यांनी अर्ज घेताना चकती टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

हेर्लेकर चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्टमध्ये चकती बसली त्या दिवसापासून ते जिना चढू लागले. शैलजाबाईंना वाटलं, तब्येतीकडे लक्ष द्यायला लागले. त्या घरात चकती आणणार का, हे विचारायचं धाडस हेर्लेकरांना होत नव्हतं. एके दिवशी शेजारीणबाईंनी त्यांच्या देखतच विचारलं, तेव्हा शैलजाबाई म्हणाल्या की संशय घ्यायची यंत्रं मला घरात नकोत. हेर्लेकर त्या दिवशी दोनदा जिना उतरून चढले. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना काहीतरी करावंसं वाटलं.

जूनमध्ये सोसायटीने जिन्यातही चकती बसवायचं ठरवलं.

त्यांनी सोडायचा प्रयत्न केला. अकरा दिवस कडेला नेले, त्यात कचेरीतल्या दोघांशी भांडले आणि एका पत्रावर स्वतःच्या सहीऐवजी तारीख घातली. बाराव्या दिवशी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर धाड होती. फरशीच्या खोक्यांत लपवलेल्या ब्याऐंशी पेट्या सापडल्या. ब्रँडचं नाव होतं ‘सायलेंट’. ही सिगारेट मे महिन्यापासून बाजारात धुमाकूळ घालत होती. पाकिटावर मागच्या बाजूला मराठीत छापलं होतं: ‘घरी कळनार नाही’. जिथे छापलं तिथे शुद्धलेखन बघणारं कुणी नव्हतं, पण गिऱ्हाईक कोण हे त्यांना बरोबर माहीत होतं.

नियमाप्रमाणे पाच पाकिटं प्रयोगशाळेत गेली, पाच पुरावा म्हणून हेर्लेकरांच्या कपाटात आली, बाकीचा माल भट्टीत जाणार होता. प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यात लाकडाचा भुसा, उंदरांच्या लेंड्यांचे अंश आणि रबरी चपलेचा चुरा आढळल्याचं लिहिलं होतं. हेर्लेकरांनी अहवाल वाचला, त्यावर शेरा मारला, तो वरिष्ठांकडे पाठवला. मग कपाट उघडून पुराव्यातली एक सिगारेट काढली आणि कचेरीच्या गच्चीवर जाऊन ओढली. घसा सोलून निघाला. संध्याकाळी ते भीत भीत लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट चार मजले वर गेली आणि एक अक्षर बोलली नाही.

इथून पुढचे अडीच महिने हेर्लेकरांच्या नोकरीतले सर्वांत तेजस्वी ठरले. सायलेंट त्यांना विकत घेता येणं शक्य नव्हतं. जिल्ह्यातला प्रत्येक चोरटा विक्रेता त्यांना ओळखत होता आणि बघताच पळत होता. पुरावा हाच त्यांचा एकमेव पुरवठा, आणि पुरावा मिळायचा तर धाड घालायला हवी. एका धाडीतलं एखादंच पाकीट काढता येई, जास्त कमी भरली तर लक्षात आलं असतं. त्यांनी जतला धाड घातली, तासगावला घातली, विट्याला एकाच आठवड्यात दोन घातल्या. पाकीट संपत आलं की त्यांची गुन्हेगारीविषयीची चीड अनावर होई. ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून उपायुक्त रणदिवेसाहेबांचं प्रशस्तिपत्र आलं. त्यात ‘अवैध धूम्रव्यापाराविषयी श्री. हेर्लेकर यांची तळमळ’ असे शब्द होते. शैलजाबाईंनी ते पत्र दिवाणखान्यात लावलं.

आणि तरीही सायलेंट वाढतच होती. पूर्वी राज्यातल्या दर चार सिगारेटींत एक चोरटी असायची, आता दर दोनांत एक. खजिन्यात एवढी तूट आली की नव्याने मंजूर झालेली एकोणीस आरोग्य केंद्रं कागदावरच थांबली. त्यांत मिरजेजवळच्या एका गावाचंही होतं. निपाणीच्या बाजूचे तंबाखूचे व्यापारी हात बांधून बसले, कारण सायलेंटमध्ये इथला तंबाखू नसायचाच. एका कारखान्याने रात्रपाळी बंद केली. जो पैसा सायलेंट आणणाऱ्यांकडे जात होता त्याची वाट पुढे सोन्याच्या आणि हत्यारांच्या चोरट्या व्यापाराकडे वळते, हे हेर्लेकर इतकी वर्षं प्रशिक्षणवर्गांत सांगत आले होते. आता ते हा भाग जरा घाईने उरकत.

सप्टेंबरच्या एका सकाळी दस्तगीरने त्यांना हाक मारली. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. तीस वर्षांत त्याने एकदाही चोरटा माल ठेवला नव्हता, आणि खात्याच्या कार्यक्रमांत हेर्लेकर त्याचं उदाहरण देत. त्याने बसायला स्टूल दिलं, चहा मागवला आणि दिवसाला किती पाकिटं खपतात ते सांगितलं. पूर्वीच्या निम्मीही नव्हती. सायलेंटवाले दर आठवड्याला येऊन जातात, म्हणाला. आजवर त्यांना परत पाठवलं.

“तुम्हीपण तीन महिने झाले, फिरकला नाही,” तो म्हणाला. “सोडली असेल तर मला आनंद आहे, साहेब. खरंच आहे. पण सोडली नसेल, तर मला एवढंच सांगा, माझ्या मालात काय वाईट आहे?”

हेर्लेकरांनी चहा संपवला आणि म्हणाले की बाजार जरा मंद आहे. दस्तगीरने मान हलवली. मग त्याने अगदी सहज सांगितलं की सोमवारपासून तो दोन पेट्या ठेवणार आहे. मुलीचं शेवटचं वर्ष आहे, टपरी बंद करून चालणार नाही. तुम्ही याल तेव्हा आधी चहा घ्या आणि मग काय ते करा.

खबर द्यायला कुणीतरी असतंच. बुधवारी लेखी आदेश आला. गुरुवारी सकाळी दहा वाजता हेर्लेकर दोन शिपाई घेऊन दस्तगीरच्या टपरीवर गेले. दस्तगीरने स्वतःच फळीखालून पेट्या काढून दिल्या, एकही पाकीट लपवलं नाही. पंचनाम्यावर सही करताना त्याने फक्त चष्मा मागितला. त्याचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून हेर्लेकरांनी आपला दिला.

कचेरीत आल्यावर पाच पाकिटं कपाटात गेली. अकरा वाजले. हेर्लेकरांनी कपाट उघडलं, वरचं पाकीट हातात घेतलं, त्यावर शिपायाच्या अक्षरात ‘मुजावर’ असं लिहिलेलं होतं. मग पाकीट आत ठेवलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेले.

शैलजाबाईंच्या शाळेला सहामाही परीक्षेमुळे दुपारची सुट्टी होती. त्या जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होत्या. हेर्लेकर समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षांची रोजची एक सांगितली, लिंबाची फोड सांगितली, जिना का चढत होतो ते सांगितलं, कपाट, सायलेंट, प्रशस्तिपत्र आणि सकाळची दस्तगीरची सहीही सांगितली. शैलजाबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

“मे महिन्यात मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

शाळेने प्रयोगासाठी चकत्या घेतल्या होत्या. पाठाची तयारी करायला त्यांनी एक घरी आणली आणि धुण्याच्या बादलीशेजारी ठेवली. तेव्हा बादलीतल्या सदऱ्यापायी चकतीने त्यांचे आभार मानले. आधी त्यांना हसू आलं. मग त्या न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून राहिल्या. विचारायचं नाही, ते आपण होऊन सांगतील, असं त्यांनी ठरवलं. दर रविवारी त्या चकती सदऱ्यांजवळ धरून बघत. जुलैच्या पहिल्या रविवारी चकती गप्प राहिली. पुढच्या रविवारीही.

“मला वाटलं, सोडलीत,” शैलजाबाई म्हणाल्या. “कुणाला न सांगता, गाजावाजा न करता. मी शाळेत पेढे वाटले. सगळ्या विचारत होत्या कशाचे, मी सांगितलं नाही.”

हेर्लेकरांनी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

“त्या नऊ वर्षांचं मला तितकं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “या अडीच महिन्यांचं वाटतं. मी इतकी खूश होते, आणि तुम्ही चपलेचा चुरा ओढत होता.”

हेर्लेकर म्हणाले की उद्यापासून नक्की सोडतो. शैलजाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. शब्द नको, त्या म्हणाल्या. मी रोज विचारीन, तुम्ही खरं ते सांगायचं. हो असेल तर हो. मी एक अक्षर बोलणार नाही. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढचा पेपर ओढला. त्या मुलीला बाकीच्यांपेक्षा बरेच कमी गुण पडले.

पुढच्या मंगळवारी कोल्हापुरात उपायुक्तांकडे बैठक होती. पुण्याहून डॉ. तांबटही आल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, नम्र बाई. त्यांनी शुल्कगंधाचे आलेख दाखवले, सगळे निर्दोष होते. मग रणदिवेसाहेबांनी पाहणीचा अहवाल वाचला. सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांना विचारलं होतं की चोरटी सिगारेट का घेता. सगळ्यांनी एकच कारण दिलं होतं, किंमत. तेव्हा उपाय दोनच, साहेब म्हणाले. एक तर कर कमी करा, म्हणजे तूट आणखी वाढेल. नाहीतर धाडी वाढवा, आणि त्या बाबतीत आपल्यात श्री. हेर्लेकर आहेतच.

हेर्लेकर उभे राहिले. त्यांचा आवाज प्रशिक्षणवर्गातल्यासारखा स्थिर येत होता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“साहेब, किंमत हे कारण नाही. किमतीतला फरक गेली वीस वर्षं आहे. यंदा नवीन झालं ते एवढंच, की कर भरणारा माणूस घरी पकडला जातो आणि चुकवणारा सुटतो. पाहणीत लोक हे सांगणार नाहीत. ज्यांनी घरी सांगितलं नाही ते सरकारला कशाला सांगतील? मी सांगतो, कारण मी त्यांतलाच आहे.”

आणि त्यांनी कपाटाची हकीकत सांगितली.

रणदिवेसाहेबांनी लघुलेखकाला लिहिणं थांबवायला सांगितलं, मग बाहेर जायला सांगितलं, मग दार नीट लागलंय का ते बघितलं. परत खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि डॉ. तांबटना विचारलं की या सायलेंटने घशात जी एक विशिष्ट आग होते, ती भुशाने होत असेल की आणखी कशाने.

“चपलेने,” डॉ. तांबट म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली. टेबलाभोवतीच्या आणखी तिघांनी आपापल्या घशाला हात लावला.

डॉ. तांबटनी आपले आलेख गोळा केले. हे सगळं त्यांच्या मनाला लागलं होतं. अकरा दिवस टिकणारा रेणू बनवणं अवघड होतं, म्हणाल्या, म्हणून मी तो बनवला. एवढा वेळ टिकून तो काय करणार, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही नाही. तपासणीला तर पेटलेल्या सिगारेटीपुरता गंध पुरतो. रेणूत आचेने उघडा पडणारा एक कच्चा दुवा ठेवला, की सिगारेट पेटल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने तो चाळीस मिनिटांत मोडेल. धुरात असेल, सदऱ्यात नसेल. पण एवढा मोठा बदल मुंबईकडून मंजूर करून घ्यायचा तर कुणाच्या तरी नावानिशी, सहीनिशी जबाब लागेल.

त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. रणदिवेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. हेर्लेकरांनी कागद मागितला.

त्याच दुपारी साहेबांनी त्यांच्यावर चौकशी लावली. ती लावणं भागच होतं, पुराव्यातली आठ पाकिटं कमी भरली होती. हेर्लेकरांची एक वेतनवाढ थांबली, पथकातून त्यांची बदली जुन्या नोंदींच्या विभागात झाली आणि प्रशस्तिपत्र परत मागवणारं पत्र आलं. त्यातही ‘तळमळ’ हा शब्द होता, फक्त अवतरणचिन्हांत. शैलजाबाईंनी खिळा तसाच ठेवून त्यावर कॅलेंडर लावलं.

जबाब मात्र मुंबईपर्यंत गेला आणि तिथून वर्तमानपत्रांत फुटला. महिनाभर हेर्लेकरांना अनोळखी पुरुष रस्त्यात थांबवून हात हातात घेत आणि काही न बोलता निघून जात. फेब्रुवारीत नवा शुल्कगंध आला. त्यावर राज्यभरच्या महिला मंडळांनी मोर्चा काढला की सरकार करापायी नवऱ्यांना पाठीशी घालतंय. मिरजेच्या निवेदनावर पहिली सही शैलजा हेर्लेकर यांची होती. तिसऱ्या महिन्यात सायलेंटचा खप पडू लागला, पावसाळ्यापर्यंत ती निम्म्यावर आली. ज्यांना घरी कळायची भीती नव्हती त्यांना चपलेचा चुरा कशाला हवा होता? निपाणीच्या बाजूला पुन्हा बोली लागू लागली. दस्तगीरला पहिला गुन्हा म्हणून ताकीद देऊन सोडलं. हेर्लेकर त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने चोरट्या पेट्यांबद्दल माफी मागितली आणि हेर्लेकरांनी चोरट्या पाकिटांबद्दल. दोघांनाही ते अवघड गेलं, म्हणून मग ते पावसाविषयी बोलले.

शैलजाबाई रोज विचारत. संध्याकाळी हेर्लेकर हातपाय धुऊन बसले की, आज ओढलीत? हेर्लेकर म्हणत, एक. त्या ‘बरं’ म्हणत आणि कुकर लावायला जात. ठरल्याप्रमाणे एक अक्षरही जास्त नाही. हेर्लेकरांना हे ओरडण्यापेक्षा जड जाई. शिवाय लपवायचं काही न उरल्यापासून सिगारेटची लज्जतच गेली होती. पूर्वी अकरा वाजायची वाट बघण्यात सकाळ जायची. आता ते टपरीच्या आडोशाला उभे राहत, तर येणारा जाणारा तब्येतीचा सल्ला देऊन जाई. एकाने तर प्राणायामाचं पुस्तक आणून दिलं.

जुलैतल्या एका संध्याकाळी शैलजाबाईंनी विचारलं, “आज ओढलीत?”

“नाही,” हेर्लेकर म्हणाले.

त्या थांबल्या. हेर्लेकरांच्या लक्षात आलं की आपण खरं बोलतोय आणि ते दाखवायला आपल्याजवळ काहीच नाही. चाळीस मिनिटांनंतर सदऱ्यात काही उरत नाही. उरू नये म्हणून तर त्यांनी स्वतःच सही केली होती. आता चकती धरली तरी ती गप्पच राहणार, ओढली असती तरी आणि नसती तरी. शैलजाबाईंनाही ते माहीत होतं. त्या विज्ञान शिकवत होत्या.

त्यांनी हेर्लेकरांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे बघावं तसं. हेर्लेकरांनी नजर खाली घेतली नाही.

“बरं,” शैलजाबाई म्हणाल्या. मग आत जाता जाता दारात वळल्या. “उद्यापण विचारीन.”

“विचार,” हेर्लेकर म्हणाले.